आवाज दलेंदामावशींचा

मित्रांनो, माझी हकिगत ऐका, पण लगेच विश्वास ठेवू नका. माझ्यावरसुद्धा नाही. मी सफाक्स शहरातला एक जुना माइक आहे. जन्मल्यावर पहिला माणूस माझ्यात "हॅलो, हॅलो" म्हणाला आणि पुढे काही न बोलताच निघून गेला. तेव्हापासून मी माणसांना जरा जपूनच ऐकतो.

उमेदीची वर्षं लग्नाच्या हॉलात गेली. "सून नाही हो, मुलगीच आमची!" असं सासूबाई म्हणत, आणि त्यांचे आवळलेले दात मला बरोबर ऐकू येत. पुढे माझ्या जाळीला पोचे पडले, चकचकीत नवे माइक आले आणि मी जुन्या बाजारात जाऊन पडलो. तिथून मला झुहैर फुरातीने उचललं. फार गोड बोलणारा माणूस. मला तेव्हाच शंका आली होती.

झुहैर आणि त्याच्यासोबत काम करणारी रीम अंध माणसांसाठी एक प्रोग्राम बनवत होते. फोनवर जे लिहिलेलं असेल ते तो मोठ्याने वाचून दाखवणार. प्रोग्राम ओपन सोर्स होता, म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, हवा तसा बदलावा. फक्त त्याला आवाज नव्हता. तो दिला दलेंदामावशींनी. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद करून, घाम पुसत, अख्खा उन्हाळा त्या माझ्यासमोर वाचत बसल्या. घसा बसला की चिलगोजे घातलेला पुदिन्याचा चहा प्यायच्या आणि पुन्हा सुरू.

"पैसे नकोत रे मला," त्या झुहैरला म्हणाल्या. "एकच अट. प्रोग्राम सुरू झाला की आधी माझं नाव येऊ दे."

आणि त्यांनी वाक्य बोलून दिलं, "हा आवाज दलेंदा गोर्बेलचा आहे." त्या वाक्यात कसलीच खोट नव्हती. माझ्यासारख्या संशयी माणसाला, म्हणजे माइकला, तेवढं कळतं.

पहिल्या आवृत्तीत ते वाक्य होतं. प्रोग्रामचं नाव झालं, आणि मी टेबलावर चालूच असताना झुहैर म्हणाला, "रीम, ते पहिलं वाक्य काढ. लोकांना घाई असते."

"अरे, पण मावशींची तेवढीच अट होती!"

"नावं कोड लिहिणाऱ्यांची असतात गं. त्यांनी काय केलं? नुसतं वाचलं."

वाक्य गेलं. मी मनात म्हटलं, बघा, मी सांगत नव्हतो?

पुढे प्रोग्रामचा मोठा सत्कार ठरला. नवे माइक ऐनवेळी खरखरू लागले, म्हणून मला पुसून मंचावर उभं केलं. झुहैर "मी आवाज दिला, मी आवाज दिला" म्हणत होता. मावशींना कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या आल्या. पहिल्या रांगेत लस्साद नावाचा अंध गृहस्थ बसला होता.

"जरा सरक रे बाळा," मावशी त्याला म्हणाल्या.

तो खदखदून हसला. "वा मावशी! माझ्या फोनची काय हुबेहूब नक्कल करता हो!"

"नक्कल? मी?"

मला इतका राग आला की मी मोठ्याने शिट्टी मारली. झुहैर दचकून बाजूला झाला. मावशी तशाच मंचावर चढल्या आणि माझ्यात बोलल्या, "हा आवाज दलेंदा गोर्बेलचा आहे."

लस्साद उठून उभा राहिला. "अरे देवा! बायकोचे निरोप, मुलीचे निकाल, सगळं मी या बाईंच्या तोंडून ऐकलं. आणि यांचं नाव मला ठाऊक नाही? का रे झुहैर?"

"मावशी, चुकून राहून गेलं," झुहैर म्हणाला. 'चुकून' म्हणताना त्याच्या घशात जे अडकलं, ते मी हॉलभर ऐकवलं.

रीम पुढे आली. जुन्या आवृत्तीत वाक्य होतंच. तिने सगळ्यांसमोर ते परत बसवलं आणि लस्सादचा फोन माझ्याजवळ धरला. फोन बोलला, "हा आवाज दलेंदा गोर्बेलचा आहे."

"हं, बरोबर," मावशी म्हणाल्या आणि डोळे पुसत खाली उतरल्या.

मित्रांनो, फुकट मिळालेलं खुशाल वापरा. पण देणाऱ्याचं नाव घ्यायला विसरू नका. बऱ्याचदा त्याने तेवढंच मागितलेलं असतं. झुहैर आता सुधारलाय म्हणतात. असेल बापडा. तरी नवी आवृत्ती आली की रीम ती आधी माझ्याजवळ लावते, आणि ते पहिलं वाक्य ऐकू येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.