उतरणाऱ्यानंच म्हणायचं

आमच्या गटाचा एक नियम आहे. विहिरीत उतरणारा "थांब" म्हणाला की वरच्यानं दोर जागच्या जागी धरायचा. का, कशाला, किती वेळ, काही विचारायचं नाही. पुन्हा "चल" म्हणायचं ते उतरणाऱ्यानंच. काठावरचे शंभर लोक ओरडले तरी दोर हलत नाही. आणि "चल"च्या आधी उतरणारा खालून विचारतो, "दोर?" वरून "हातात" असं उत्तर आलं, तरच पुढं.

गट म्हणजे आम्ही विहिरीत पडलेली जनावरं काढतो. अमरावतीचे सात जण, अकोल्याचे पाच. मी अकरावीत आहे आणि दिवाळीपासून मलाही घेतलंय. शिट्टी, पाणी आणि बघ्यांना मागं सारणं ही माझी खाती. वर्गात निबंध वाचताना माझा आवाज पहिल्या बाकापलीकडं जायचा नाही, हे आता कोणाला सांगितलं तर पटत नाही. पन्नास माणसांना मी "ओ काका, काठावरून मागं व्हा!" म्हणते आणि ते चक्क होतात!

हा गट सुरू केला दोघांनी. अमरावतीचा अंकुरमामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, आणि अकोल्याचे गौरांगकाका. मामा उतरायचा, काका दोर धरायचे. आणि दोघं जोडीदार होते. अमरावतीत चार वर्षं एका खोलीत संसार केला त्यांनी, कुकरच्या शिट्टीवरून भांडण्यासकट. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, प्रत्येक मामासोबत एक काका येतोच.

सात वर्षांपूर्वी मामाच्या वडिलांनी, नत्थुजीआजोबांनी, त्याच्यासाठी पोरी बघायला सुरुवात केली. मामा घाबरला. काकांना म्हणाला, "थोडं थांब. मी बाबांशी बोलतो, मग तुले सांगतो." काका अकोल्याला आपल्या घरी गेले. मामाला आजोबांशी बोलायला चार वर्षं लागली. चार! आजोबा तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मले काय दिसत नव्हतं काय? पोरी पाहणं तं मी कवाचंच बंद केलं."

एवढं झालं, तरी मामानं अकोल्याला फोन केला नाही. मी विचारलं की एकच उत्तर. "इतकी वर्षं कोण दोर धरून बसते, पनू? मी हाक मारली अन् वर कोणीच नसलं तं?"

डिसेंबरात मीच काकांना मेसेज टाकला. "मामा म्हणतो या."

उत्तर आलं, "त्यानं म्हटलं?"

मला खोटं जमत नाही. "म्हणणार आहे," लिहिलं.

"तो म्हणल तवा."

मी मोबाइल गादीवर आपटला. दोन हट्टी माणसं आणि मध्ये मी!

मग जानेवारीत मूर्तिजापूरकडून फोन आला. दुर्गाबाई नावाच्या एका आजींची शेळी हरभऱ्यात शिरली, हाकलली तर पळत सुटून थेट विहिरीत. आमच्याकडचा दोर धरणारा विपुल तापानं झोपलेला. म्हणून अकोल्याला कळवलं. मी मामाच्या मागं बसून शेतात पोचले तर बाभळीपाशी दोर सोडवत कोण उभं असावं?

सात वर्षांत दोघं एका विहिरीवर आले नव्हते. मामानं गाडी लावायला उगाच दोन मिनिटं घेतली.

"वजन वाढलं काय तुहं?" काकांनी मान वर न करता विचारलं. "मले अंदाज पायजे."

"दोन किलो."

"सहा," मी म्हटलं.

काका हसले. मामानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी शिट्टी वाजवत बघ्यांकडं पळाले.

दोराचा एक वळसा बाभळीला होता आणि टोक काकांच्या हातात. मामा उतरायला लागला. शेळी खाली, पाण्याच्या जरा वर, एका दगडी टप्प्यावर उभी होती. मामा अर्ध्यात गेला आणि ती बिथरली.

"थांब!"

दोर थांबला. काका पाय रोवून मागं रेलले. खालून काहीच आवाज नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"काहून लटकला तो?" दुर्गाबाई ओरडल्या. "माही शेळी बुडून राहिली अन् हा झोका खेळून राहिला! ओढा न त्याले वर!"

"ओढा, ओढा!" लोक सुरू झाले. आणि खरं सांगते, मीसुद्धा. मामाचा आवाज येत नव्हता.

"काका, ओढा न!"

"त्यानं म्हटलं नाही, पनू."

"पण तुमचे खांदे थरथरताहेत!"

"थरथरू दे. त्यानं म्हटलं नाही."

आवाज अगदी शांत होता त्यांचा. आणि मला डिसेंबरातला मेसेज आठवला. मी उन्हात तोंड उघडं टाकून उभी राहिले. मला वाटत होतं हा माणूस रुसून बसलाय. हा तर सात वर्षं दोर धरून बसला होता!

खालून हाक आली. "दोर?"

"हातात."

मग, "चल."

तोवर शेळी शांत झाली होती; वर आली ती मामाच्या कुशीत, त्याची कॉलर चावत. शर्टभर लेंड्या. दुर्गाबाईंनी आधी तिला एक फटका दिला, मग तिच्या गळ्यात पडून रडल्या, मग आमच्यासाठी ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजायला घेतला. तुराट्यांचा जाळ, काळे झालेले घाटे, सगळ्यांची बोटं काळी.

मी मामाजवळ जाऊन बसले आणि मेसेजचं सगळं सांगून टाकलं.

"शिव्या नंतर दे," मी म्हटलं. "पण त्यांनी विचारलं, त्यानं म्हटलं? आत्ताही तेच म्हणाले. सारे ओढा म्हणत होते मामा, मीपण. ते हलले नाहीत. तू थांब म्हटलं होतं न? मग तूच म्हण."

मामा हातातला घाटा सोलतच राहिला. दाणे कधीच संपले होते. मग उठला.

काका विहिरीपाशी पाठमोरे दोर गुंडाळत होते. मामा चार पावलं अलीकडं थांबला. मी लांब जायला हवं होतं. गेले, पण ऐकू येईल एवढंच.

"गौरांग."

"हं."

विहिरीत उतरताना मी मामाला कधी घाबरलेलं पाहिलं नाही, इथं सपाट जमिनीवर आपले हात कुठं ठेवावे हे त्याला कळत नव्हतं. मग तो म्हणाला,

"दोर?"

काकांचे हात जागीच थांबले. ते वळले नाहीत लगेच.

"हातात," ते म्हणाले.

"मंग चल."

"कुठी?"

"घरी. बाबा म्हणतात, त्या पोराले एकदा तरी जेवाले आण."

काका वळले. डोळे लाल, चेहरा मात्र तोच हट्टी.

"आधी अंगावरच्या लेंड्या झटक. अशा माणसामागं मी गाडीवर नाही बसत."

बसले की! मामाच्या गाडीवर तीन जण मावत नाहीत, म्हणून मला मूर्तिजापूरहून एसटीत बसवलं. पहिल्यांदाच दोराची पिशवी माझ्याकडं दिली. ती मी खाली ठेवली नाही, अमरावतीपर्यंत मांडीवर धरून बसले. बडनेऱ्याच्या अलीकडं मामाची गाडी एसटीला मागं टाकून गेली. मी खिडकीतून शिट्टी वाजवली. अख्खी बस दचकली, ते दोघं वळूनही पाहिनात.