कपाळाला न लावलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. जवळ बसा, पण बोटे माझ्या तोंडात घालू नका. आत्मवृत्ताला मुद्दे लागतात म्हणे: जन्म, काम, कौतुक, उपेक्षा, बोध. माझा धंदाच कापण्याचा. एखादा मुद्दा वेडावाकडा कापला गेला तर रागावू नका.

जन्म.

मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून लोहाराने मला घडवले. दोन पाती, मधे एक खिळा, बोटांसाठी दोन कड्या. मला मास्तरांच्या हाती देताना लोहार म्हणाला, "ही तुम्हाला पुरून उरेल."

मास्तर हसले. लोहाराचे म्हणणे खरे निघाले.

काम.

मास्तर म्हणजे शिंप्याच्या दुकानातले कटिंग मास्तर. दुकान दादांचे. शहरातले बहुतेक लोक दादांच्या धर्माचे होते. मास्तरांच्या धर्माची घरे थोडी, तीही नाल्याच्या पलीकडे. टेबल मात्र एकच होते आणि दोघे मला आळीपाळीने वापरत. मास्तरांच्या अंगठ्याला माझ्या कडीचा जाड घट्टा पडला होता.

कोटाच्या कापडाच्या काठावर गिरणी एक ओळ छापत असे. देवाच्या नावाची. काठ जाड असतो, शिवणीत घेता येत नाही, कापून टाकावाच लागतो. दादा ती पट्टी आधी कपाळाला लावत, मग चिंध्यांच्या टोपलीत टाकत. मास्तर कामाला लागले तेव्हा त्यांनी हे पाहिले. मान राखावा म्हणून तेही पट्टी कपाळाकडे नेऊ लागले. दादांनी त्यांचा हात धरला.

"तू नको लावूस रे. ते आमचं असतं. कोणी बघितलं तर म्हणेल, थट्टा करतोय."

"बरं दादा. मग काय करू?"

"काही नको. तू नुसती काप."

मास्तरांनी नुसती कापली. वर्षानुवर्षे. टोपली भरली की चिंध्या उशांत भरायला जात, आणि सगळे शहर त्या ओळीवर डोके ठेवून झोपे.

कौतुक.

एक कंत्राटदार कोट घालून बघायला आला. बटण लागेना.

"मास्तर, कोट घट्ट केलास."

"साहेब, कोट मापातच आहे. पोट मापाबाहेर गेलंय."

दुकान हसले. दादा सगळ्यात जास्त हसले. कंत्राटदार हसला नाही. त्याने मान खाली घातली, आणि तिथे, बुटाशेजारी, त्याला पट्टी दिसली. टोपलीत पडता पडता चुकलेली.

"हे देवाचं नाव जमिनीवर कोणी टाकलं?"

मी मास्तरांच्या हातात होते. दादा टेप गुंडाळू लागले.

माणसे जमायला फार वेळ लागला नाही. बरेच जण गल्लीतलेच. अंगावरचे शर्ट मास्तरांनी कापलेले. त्या बाह्या मला ओळखू आल्या. कोणीतरी मला ओढले. घट्टा कडीत अडकला, अंगठा निघेना.

"निघत नाही? मग अंगठाच—"

मी चालले, मित्रांनो. कात्रीला कापड कुठले आणि

इथे वाक्य कापते.

"धार बघ काय आहे," मागून एक जण म्हणाला. माझे असे कौतुक त्याआधी कोणी केले नव्हते.

उपेक्षा.

पोलिसांनी मास्तरांना नेले, पट्टीला नेले, मला नेले. कारकुनाने माझ्या पात्यांवरचे डाग बघितले आणि लिहिले, 'कात्री, गंजलेली'. अंगठ्याचा गुन्हा कोणावरच नोंदला नाही. पट्टीचा नोंदला. देवाच्या नावाचा अपमान. त्याला आमच्या देशात फाशी होती.

कोर्टात मला टेबलावर ठेवले. सरकारी वकील मास्तरांना म्हणाला, "दादा प्रत्येक पट्टी कपाळाला लावतात. तू लावायचास?"

"नाही, साहेब."

"का नाही?"

"दादांनीच नको म्हणून सांगितलं होतं."

सगळे हसले. न्यायाधीशही हसू दाबत होते.

पुढची साक्ष दादांची होती. मास्तरांची बायको दारातच त्यांना आडवी आली.

"दादा, एवढं एकच वाक्य बोला. नको म्हणालो होतो, एवढंच."

"वहिनी, बघतो."

"बघू नका हो. बोला."

दादा पिंजऱ्यात उभे राहिले. समोरच्या बाकावर कंत्राटदार बसला होता. कोट तोच, आता दादांनी सैल करून दिलेला. बटण लागले होते.

"तुम्ही याला अडवलं होतं?" वकिलाने विचारले.

"मी कशाला अडवू?" दादा म्हणाले. "देवापुढे मान वाकवायला कोणी कोणाला अडवतं का?"

मास्तरांनी दादांकडे बघितले. मग त्यांनी फडके बांधलेला हात खिशात घातला. लाज वाटल्यासारखा.

बोध.

मास्तरांना फाशी झाली नाही. निकाल फाशीचाच लागला, पण तेवढे थांबायचा धीर तुरुंगातल्या इतर कैद्यांना नव्हता. वहिनींनी शहर सोडले. मला दादांनी सोडवून आणले. चांगले पोलाद हल्ली मिळत नाही, म्हणाले. धारवाल्याने मला चाकावर धरले. ठिणग्या उडाल्या, पाती लखलखली.

नवा कटिंग मास्तर आला. नाल्यापलीकडचाच. "कटिंगला हात त्यांचाच," दादा गिऱ्हाइकांना सांगतात. पहिल्याच दिवशी कोटाचे कापड आले. त्याने काठ कापला आणि पट्टी हातात धरून थांबला.

"दादा, ही कपाळाला लावायची का?"

दादा काज करत होते. सुई थांबली.

"नको," दादा म्हणाले. "ते आमचं असतं. तू नुसती काप."

त्याने पुन्हा अंगठा माझ्या कडीत घातला. कडी त्याला अजून सैल होते. होईल घट्ट.

तेव्हा मित्रांनो, कात्रीची काळजी घ्या. काम झाले की तिला पुसून ठेवा. पाती पुसाल, कड्या पुसाल, पण खिळ्याच्या सांध्यात फडके पोचत नाही. तिथे काहीतरी काळपट राहिलेले दिसेल. सगळे त्याला गंज म्हणतात. तुम्ही म्हणू नका.