पाच मिनिटे कमी पडलेला पूल

मित्रांनो, मी एक जुना चावीचा टाइमर आहे. घड्याळाला किती वाजले ते कळते. मला केवळ किती उरले तेवढेच कळते. माझ्या पोटात एक स्प्रिंग, सात दातेरी चाके आणि एक लहानशी घंटा आहे. मन असल्याचा पुरावा अद्याप सापडलेला नाही. तेव्हा पुढे जे सांगतो, ते निरीक्षण समजावे.

माझी उमेदीची वर्षे औषधांच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत गेली. गोळी पाण्यात किती वेळात विरघळते, हे माझ्या घंटेवर ठरे. तासाला मी बारा सेकंद उशिरा वाजतो. तेथील रसायनतज्ज्ञाने हा दोष चिठ्ठीवर लिहून माझ्या पाठीवर चिकटवला होता. "स्वतःची चूक उघडपणे मिरवणारा या खोलीत हा एकटाच," असे तो म्हणे. याहून मोठी प्रशंसा माझ्या वाट्याला आली नाही. पुढे आकडे दाखवणारी यंत्रे आली आणि मी कपाटात गेलो. दोन वर्षांनी त्यानेच मला धूळ झटकून घरी नेले.

घरी त्याची आठ वर्षांची मुलगी होती. ती सर्वांच्या कामावर देखरेख ठेवी, म्हणून तो तिला 'मुकादम' म्हणे. कारखान्याचे काम मात्र संध्याकाळीही लॅपटॉपमधून त्याच्या पाठोपाठ घरात शिरे. म्हणून त्याने नियम केला: रोज वीस मिनिटे फक्त मुलीची, फोन बंद. मला चावी दिली की तो जमिनीवर बसे. मी वाजलो की उठे. माझ्या दोषामुळे तिला रोज चार सेकंद जास्त मिळत. त्या दोषाचा एवढाच उपयोग झाला.

एकदा शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने पुठ्ठ्याचा पूल करायला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्यायचा होता. मधल्या कमानीला गोंद लावून बापलेकीने ती दोन बाजूंनी दाबून धरली. बाटलीवर स्पष्ट लिहिले होते: पंचवीस मिनिटे धरून ठेवावे. ज्याचा जन्म बाटल्यांवरच्या सूचना तपासण्यात गेला, त्याने ही एक वाचली नाही. मी वाजलो. सवयीने त्याचे हात सुटले. कमान खाली आली आणि येताना दोन्ही खांबांनाही घेऊन आली.

मुकादम रडली नाही. तिने बाटली त्याच्या नाकासमोर धरली.

"वाच. ऑफिसात वाचतोस ना, तसं."

"अगं, घंटा झाली म्हणून मी..."

"गोंदाला घंटा कळत नाही, बाबा."

आतून तिच्या आईने भर घातली, "पोरगी काय तुझी गोळी आहे, वीस मिनिटांत विरघळायला?"

लॅपटॉप कुणकुणत होता; एक अहवाल खरोखरच अडला होता. तो उठून लॅपटॉपपाशी गेला. मग त्याने कळवून टाकले, की अहवाल सकाळी मिळेल, आणि पुन्हा मांडी घातली. नवा गोंद लागला. मला कोणी चावी दिली नाही.

"हात दुखतोय गं."

"दुखू दे. धर."

किती वेळ गेला, याची माझ्याकडे नोंद नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत ही एकच मोजणी माझ्याकडून राहिली, आणि तिचे मला वाईट वाटत नाही. पूल उभा राहिला. किंचित डावीकडे कललेला होता, तरी उभा होता.

आता मी लॅपटॉपशेजारी असतो. चावी मुकादम देते. मी वाजलो की ती दारात हजर. "अजून दहा मिनिटं," तो विनवतो. "पाच," ती मंजूर करते. कधी काम तरीही लांबते; तेव्हा ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसते आणि देखरेख करते.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी असेल, तर त्याला ओल्या हाताने धरू नका. वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. माझ्या पाठीवरची जुनी चिठ्ठी झिजली तरी चालेल. तिच्याखाली मुकादमबाईंनी लावलेली मात्र टिकायला हवी. तिच्यावर लिहिले आहे: "हा फक्त कामाला लावावा. मला लावू नये."