सहा मुठी मीठ

मरायला ठेवलेले मासे मरेनात, म्हणून मानसिंग सर रडकुंडीला आले होते.

साल १९७४. सर मूळचे कुंडलचे, सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. चार वर्षांचा प्रबंध शेवटी बारा चिलापी माशांवर येऊन अडकला होता. माशाच्या मेंदूच्या बुडाशी मोहरीएवढी एक ग्रंथी असते. तिच्या रसाच्या जोरावर गोड्या पाण्यातही माशाच्या अंगातलं मीठ टिकतं. सरांनी बाराही माशांची ती ग्रंथी काढली होती. पहिल्या टपातल्या सहांना मेंढीच्या ग्रंथीतून काढलेल्या रसाची रोज सुई, दुसऱ्या टपातल्या सहांना नुसतं पाणी. सुईवाले जगले आणि बाकीचे अंगातलं मीठ गळून चार दिवसांत मेले, तरच सरांचं म्हणणं खरं ठरणार होतं.

आज आठवा दिवस, आणि दोन्ही टपांत मासे मजेत फिरत होते! सुईचा रस कालच संपला होता. सोमवारी प्रबंध दिला नाही तर नोकरी जाणार, हे प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं. पुन्हा प्रयोग करायला ना रस होता, ना दिवस.

सरांनी दुसऱ्या टपात बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट लागलं.

"रंगूबाई!" ते ओरडले.

प्रयोगशाळा झाडणारी रंगूबाई पदराला हात पुसत आली. वयानं ती त्यांच्या आईएवढी होती.

"या पाण्यात काय टाकलंत?"

"मीठ," ती हसून म्हणाली. "आवं, मागल्या खेपंला समदं मासं मेलं, तवा तुमी दिसभर जेवला न्हाईसा. म्हनलं, कुनाची तरी नजर लागलीया. एकेकावरनं एकेक मूठ उतरवली आन् टपात सोडली. मीठ इरगाळलं की नजर बी इरगाळती."

"मग पहिल्या टपात का नाही टाकलं?"

"त्यास्नी तुमची सुई हाय की. ह्यास्नी कोन हाय?"

सरांच्या तोंडाशी आलेली शिवी तिथेच थांबली. हे सहा मेलेच पाहिजेत, हे चार वर्षांत त्यांनी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. झाडणारीला कशाला सांगायचं? हा शहाणपणा आता त्यांच्याच मुळावर आला होता.

त्यांनी वही ओढली. दुसरा टप, चौथा दिवस, सहाही मृत. स्वतःची किळस येत होती, तरी त्यांनी लिहिलं.

रंगूबाईला अक्षरओळख नव्हती. ती वहीत डोकावली. "काय लिवलंसा?"

"जगले म्हणून लिहिलं."

तिचे डोळे भरून आले. "मंग काम झालं न्हवं? आता सोडा की बिचाऱ्यास्नी किस्नंत."

वहीत मेलेले मासे टपात जिवंत ठेवून चालणार नव्हतंच. सरांनी ते सहा मासे बादलीत घेतले आणि दोघं घाटावर गेली. एकेक चिलापी कृष्णेच्या गोड्या पाण्यात सुळकन् निसटली.

"जावा बाबांनो, सुखानं ऱ्हावा," रंगूबाईनं हात जोडले.

सर रिकामी बादली धरून उभे होते. नदीत त्यांना मीठ घालायला कुणी नव्हतं. चार दिवसांत वहीतलं सगळं खरं होणार होतं.