टवका उडालेला मणी

आईच्या पोटातली गाठ काढायची की नाही, हे डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, उशीर नको. पण आमच्या घरात शेवटचा शब्द डॉक्टरांचा नसतो. देवासमोर एका कापडी पिशवीत दोन दगडी मणी असतात, एक पांढरा आणि एक काळा. बाबा डोळे मिटून हात घालतात आणि एक मणी काढतात. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. आजोबांपासून असंच चालत आलंय. मणी बाहेर आला की त्यावर कुणी ब्र काढत नाही.

रोज सकाळी ते मणी धुऊन पुसून ठेवणं माझ्याकडे. ते झाल्याशिवाय मी पाणीही पीत नाही. दुसरा नेम खरं बोलण्याचा. त्यामुळे शेजारी भांडण झालं की साक्षीला मला बोलावतात, आणि गुपित सांगायचं असलं की मला टाळतात.

पांढऱ्या मण्याच्या कडेचा टवका मला कळायला लागल्यापासून उडालेला आहे. गेल्या आठवड्यात धुताना काळा हातातून निसटून फरशीवर आपटला आणि त्याचाही टवका गेला. मी आईला सांगितलं. "रंग तर नाही ना गेला? मग ठेव परत," ती म्हणाली. बाबांना सांगावं असं दोघींच्याही मनात आलं नाही. त्यांना काय फरक पडणार होता?

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. वीज गेली तरी अंधारात केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवायचे. आता डोळ्यांवर पडदा आलाय, माणूससुद्धा आवाजावरून ओळखतात.

त्या दुपारी आई बाहेरच्या खोलीत पलंगावर पडून होती. मधलं दार उघडंच होतं. मी बाबांना हाताला धरून देवासमोर बसवलं. त्यांनी प्रार्थना केली, पिशवीत हात घातला, जरा चाचपलं, आणि मणी काढून, मी रंग सांगायच्या आतच, मोठ्यानं म्हणाले, "पांढरा."

मग नेहमीसारखा तो माझ्या तळहातावर ठेवला.

काळा होता.

आधी वाटलं, बिचाऱ्यांना दिसलं नाही. आणि मग वाटलं, दिसत नाही तर रंग सांगितला कसा?

"बाबा," मी हळूच म्हटलं, "हा काळा आहे."

"भलतंच काय. टवका आहे की त्याला."

बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. देवाकडे बघायचा धीर होईना, जणू चोरी माझीच पकडली गेली होती.

"दोन्हींना आहे," मी म्हटलं. "काळ्याचा गेल्या आठवड्यात उडाला."

बाबांनी मांडीवर हात पुसले, पुन्हा पुसले.

"म्हणजे नेहमीच असं?"

"तुझे आजोबा शिकवून गेले. घर काय मण्यांवर सोडून द्यायचं? कुणीतरी विचार करायला नको? आणि माझं कुणी ऐकलं असतं का? देवाचं नाव घेतलं की निमूट ऐकतात सगळे."

"आणि माझ्या वेळी?"

कुठल्या वेळी, ते त्यांनी विचारलं नाही. शाळेतले चित्रकलेचे मास्तर मला मागणी घालायला घरी आले होते. काळा मणी निघाला. मी रडलेसुद्धा नाही. देवानंच नाही म्हटल्यावर रुसायचं कुणावर? उलट दुसऱ्या दिवशी मणी जास्तच मन लावून घासले.

"त्याचं त्यालाच पुरत नव्हतं," बाबा म्हणाले. "मला वाटलं, तुझं भलं..."

"तुम्हाला वाटलं."

जन्मभर ज्याच्या नकारापुढे मान तुकवली, तो देव नाही म्हणालाच नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"काय कुजबुज चाललीय?" बाहेरून आई म्हणाली. "गाठ पोटात आहे माझ्या, कानात नाही."

"पांढरा म्हटलं ना," बाबा म्हणाले.

"तुम्ही नका सांगू. मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगाल. तिला सांगू दे. काळा असेल तर मी जायची नाही, मग डॉक्टर उभे राहोत नाहीतर आडवे."

बाबांनी माझं मनगट धरलं. मूठ माझी मिटलेली होती, आणि तेवढ्यात एक विचार आला. आज पहिल्यांदाच मणी कुणाच्या मर्जीशिवाय बाहेर आला होता. आजच खरं देव बोलला असेल तर?

"काय गं?" आई म्हणाली.

"पांढरा आहे, आई."

माझा आवाज रोजच्यासारखाच निघाला. त्याचाच मला जास्त धक्का बसला.

"तू म्हणालीस ना, मग झालं. भर माझी बॅग. तो निळा टॉवेल घे, जुना नको. तिथे काय म्हणतील."

मी मणी पिशवीत टाकला, बाहेर येऊन हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पेशंट तयार आहेत ना? मी हो म्हटलं. फोन ठेवून वळले तर बाबा भिंत धरत धरत माझ्यामागे येऊन उभे होते.

"वाचेल ना गं ती?" आईला ऐकू जाणार नाही असं त्यांनी विचारलं.

सगळं घर ज्यांना विचारायचं, ते मला विचारत होते.

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हटलं, आणि टॉवेल शोधायला आत गेले.