गाळलेल्या दोन ओळी

मधुसूदन कोर्टात नकलनवीस होता. उर्दू कागदाची नक्कल करताना त्याच्या हातून एक नुक्ताही सुटत नाही, अशी त्याची ख्याती; आणि ती तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. सरहद्दीपलीकडचे मराठी पेपर निजाम सरकारनं बंद केले, तसा त्याचा भाव आणखी वधारला. रोज सकाळी गुलमंडीच्या बाजारात बन्सीच्या कापडदुकानात बसून तो उर्दू पेपर मराठीत वाचून दाखवी. पेपर सरकारच्या बाजूचा आणि ऐकणारे सरकारवर खार खाऊन असलेले. मग मधुसूदन थोडा पदरचा मसाला घाली, नको ते गिळून टाकी. माना डोलू लागल्या की स्वारी खूश.

पायरीवर चांदपाशा रफूगार शाली रफू करत बसे. तो खाली मान घालून ऐकायचा, बोलायचा नाही.

एके दिवशी बातमी आली. वेरूळचे व्यापारी काकासाहेब यांचं किराणा दुकान जळून खाक झालं. पुढं दोन ओळी होत्या: आग कंदील कलंडून लागली, आणि दाऊद नावाच्या विणकरानं आत शिरून मालकाला बाहेर काढलं, त्यात त्याचे दोन्ही हात भाजले. या ओळी मधुसूदननं गाळल्या. ही सरकारी सारवासारव, असं त्यानं मनाला समजावलं. खरं तर मंडळी कान टवकारून बसली होती, आणि त्यांचा हिरमोड करणं त्याच्या जिवावर आलं.

"लावली कुणी आग?" बन्सीनं विचारलं.

"ते काय पेपरात लिहितेत व्हय?" मधुसूदन म्हणाला.

एवढं संशयाला पुरलं. चांदपाशाचा भाऊ वेरूळला राहतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आठ दिवसांत चांदपाशाकडं शाली येणं बंद झालं. बन्सीनं त्याला पायरीवरून उठवलं. तो समोरच्या बोळाच्या तोंडाशी बसू लागला. काम नसलं तरी पेपरवाचनाच्या वेळी हजर असायचा.

महिन्याभरानं खुद्द काकासाहेब दुकानात आले.

"दाऊदचा भाऊ इथंच बसतो ना? दाऊदला मलम न्यायला आलतो, म्हणलं त्यालाबी भेटावं. त्यानंच मला आगीतून काढलं. पेपरात आलतं की."

सगळ्यांनी मधुसूदनकडं पाहिलं.

"पेपरात तसं काही नव्हतं," तो म्हणाला.

खोटं किती सहज निघालं, याची त्याची त्यालाच किळस आली. तेवढ्यात चांदपाशा बोळातून उठून आला. दोऱ्याच्या डब्यातून त्यानं पेपराचं कात्रण काढून पुढं धरलं.

"तुला वाचता येतं?" मधुसूदननं विचारलं. रफूगाराला कुठलं वाचता येणार, असंच तो धरून चालला होता.

"येतंय, मुन्शीजी."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मी बोललो असतो तर म्हणले असते, भाऊ हाय, भावाचीच बाजू घेणार. तुमच्यावर लई भरवसा सगळ्यांचा. म्हणलं, आज नाय तर उद्या तुमीच वाचाल. म्हणून रोज येत व्हतो."

मधुसूदनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बन्सी एवढंच म्हणाला, "वाचा आता."

त्यानं कात्रण घेतलं. कंदिलाची ओळ कशीबशी वाचली. दाऊदच्या नावाशी आवाजच फुटेना. चांदपाशानं कात्रण हळूच त्याच्या हातातून घेतलं आणि अडखळत, मराठी शब्द शोधत, उरलेली ओळ वाचली. मधुसूदन खाली मान घालून ऐकत होता. नकलनवीसच तो, सवयीनं शब्दाला शब्द ताडून पाहत होता.

चांदपाशानं एकही शब्द गाळला नव्हता.