डाव्या अंगाचा भोवरा

काडेपेटीतल्या काडीचं गुल उडवून इल्मानं तिचं टोक काजळात बुडवलं आणि हात डोक्यामागे नेला. समोर भिंतीवरचा आरसा, मागे स्टुलावर टेकवलेला दुसरा. दोन आरशांच्या मध्ये हाताला दिशाच कळेना. चार वेळा पुसून, मानेला रग लागल्यावर कुठे सात ठिपके मनासारखे बसले. ठिपक्यांच्या मध्ये तळहाताएवढी जागा उघडी होती. एकही केस नसलेली, हाताला वाटीच्या बुडासारखी गुळगुळीत लागणारी.

तिनं खोलीची कडी पुन्हा एकदा बघितली. मोबाइल स्टँडवर लावला, खिडकीचा उजेड डाव्या बाजूने येईल असं स्टूल सरकवलं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. मान अगदी हळू उजवीकडे, मग डावीकडे. त्या सात ठिपक्यांवरून कॉम्प्युटरला कळणार होतं, डोकं कुठे हललं. मग तिथे केस लावायचे आणि ठिपके पुसून टाकायचे. मोठ्या स्टुडिओत याची सामग्री असते म्हणे. कर्जतच्या बाजारातल्या सलमानच्या दुकानात काजळ होतं.

सलमान तिचा मावसभाऊ. लग्नाची शूटिंगं, अल्बम, वाढदिवसाचे व्हिडिओ अशी कामं तो घ्यायचा आणि मागच्या खोलीत बसून इल्मा ती पुरी करायची. आठवड्यापूर्वी पोपटशेठ आले होते. चौक गावाच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं जडीबुटीचं तेल तयार होई.

"सुंदर बाई नको मला," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "नुसतं डोकं पायजे. चाई पडलेलं. आणि त्याच्यावर केस उगवून दाखवायचे. असे, की बघणाऱ्याला बोट लावून बघावंसं वाटलं पायजे."

"तेलानं येतात का खरंच?" सलमाननं विचारलं.

"तेलानं डोकं थंड राहतं. केस तुमी आणायचे!" पोपटशेठ आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

ते गेल्यावर सलमाननं कपाळाला हात लावला. "एवढ्याशा पैशात मॉडेल कुठली? चाई पडलेलं डोकं काय बाजारात मिळतं?"

"माझ्या ओळखीची एक बाई आहे," इल्मा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "चेहरा नाही दाखवणार."

"कशाला दाखवायचा चेहरा? तिला सांग, फुकट नाय. तेलाची एक बाटली देऊ."

इल्मानं ओढणी कपाळावर थोडी पुढे ओढली.

चाई पडून सात महिने झाले होते. आधी रुपयाएवढी, मग बांगडीएवढी. चामडीच्या डॉक्टरांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. "येतील किंवा नाही येणार," डॉक्टर म्हणाले होते. "आलेच तर आधी पांढरी लव दिसेल. ती मग काळी होते." तेव्हापासून रोज सकाळी दोन आरसे आणि ती. लव काही दिसली नाही.

पहिल्या खेपेला तिनं फुकटच्या सॉफ्टवेअरमधले तयार केस लावून बघितले. सगळे एकदम उगवले, एकाच उंचीचे झाले आणि वाऱ्यावर डोलल्यासारखे डोलले.

"हे काय गं!" सलमान मागून म्हणाला. "डोकं हाय का भाताची लावणी? आता बेडूक पण ओरडू दे त्यात."

तीही हसली. मग तिनं ते सगळं पुसून टाकलं.

जुना कॉम्प्युटर हजारो केसांचा भार घेईना, दर थोड्या वेळानं अडकायचा. तेव्हा तिनं आपल्या कंगव्यातला गुंतवळ काढला. एकेक केस सोडवून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि त्याचा फोटो घेतला. असे चाळीस. बारीक, जाड, टोकाला दुभंगलेले. तेच उलटसुलट फिरवून, लहानमोठे करून तिनं भोवऱ्यापासून गोल गोल बसवत नेले. लहानपणी अम्मी तेल लावायची ती याच भोवऱ्यापासून. दर रविवारी न्हाणीच्या दाराशी, तिच्या दोन गुडघ्यांत डोकं धरून. "डाव्या अंगाचा भोवरा," अम्मी म्हणायची, "हट्टी हाय पोरगी." आणि तिची बोटं त्या भोवऱ्याच्या वळणानंच फिरायची, आतून बाहेर.

आधी कडेनं लव फुटली, पांढरी, उजेडात धरली तरच दिसेल अशी. मग मधेच एखादं बेट. मग काही केस मागे राहिले, काही पुढे गेले, एक वाकडा उगवला. कोणता आधी, कोणता नंतर, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. भोवऱ्याखाली जखमेची एक जुनी रेघ होती. तीही तिनं राहू दिली, अखेर केसांखाली झाकली जाणारच होती. एकोणीस दिवसांत अकरा सेकंदांचा व्हिडिओ झाला. शेवटी पोपटशेठनी सांगितलं होतं तसं तिनं खाली टाइप केलं: फक्त नव्वद दिवसांत.

सलमाननं ते तीनदा बघितलं. चौथ्यांदा त्यानं खरंच काचेला बोट लावलं.

"ती बाई बघेल तर रडेल गं," तो म्हणाला.

"बघितलंय तिनं."

महिन्याभरानं एका रविवारी ती घरी गेली. चौकपर्यंत एसटी, तिथून लोधिवलीच्या अलीकडे आपल्या गावापर्यंत रिक्षा. दारातच हवाबी उभी होती, तिची अम्मी. हातात पितळेची वाटी, वाटीत कोमट केलेलं खोबरेल.

"ये. बस इथं," तिनं उंबऱ्याच्या आतला पाट पायानं पुढे सारला.

"अम्मी, आत्ताच आलेय. आणि मी काय लहान आहे का आता?"

"आठ महिने हेच ऐकतेय. मी म्हटलं, पोर शहाणी झाली, तिला आईचा हात नको झाला. मला काय म्हाईत डोक्याचं हे झालं ते!" हवाबीचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. "आपल्या धाकट्या ओवेसच्या मोबाइलवर आला तो व्हिडिओ. तो बोलला, जाहिरात हाय. मी बोलले, गप रं, हे माझ्या पोरीचं डोकं हाय. डाव्या अंगाचा भोवरा, आणि खाली ती रेघ. पाट्यावर आपटली होतीस, तीन टाके पडले होते. मी नाय ओळखणार?"

इल्मा पाटावर बसली.

"आईला पण लपवायचं असतं का? पण आले ना परत! माझ्या डोळ्यांनी बघितले येताना. अल्लाचे आभार. पनवेलची माणसं येत्या शुक्रवारी तुला बघायला येतायत, त्यांना मी काय सांगितलं असतं?" तिनं वाटीत बोटं बुडवली. "सगळ्यांना सांगितलं मी, माझ्या इल्माचं डोकं हाय ते. चिमानं पण आणली बाटली तिच्या हिरूसाठी. त्या पोरीला पण तेच झालंय."

"अम्मी, तो व्हिडिओ मी..."

"मंग सांग. आधी हाताला लागू दे."

ओढणी मागे सरली. हवाबीची बोटं सवयीनं भोवऱ्यावर टेकली आणि तिथेच थांबली. तेलाचा एक थेंब कुठेही न अडता सरळ खाली मानेवर आला.



"हवाबी! आली का गं इल्मा?"

अंगणातून शेजारची चिमा येत होती. मागे नऊ वर्षांची हिरू. ऐन मे महिन्यात डोक्याला लोकरीची टोपी, हातात अर्धी रिकामी झालेली बाटली.

हवाबीनं ओढणी झटकन वर ओढली आणि मानेपाशी मुठीत आवळून धरली. "तेल लावलंय. ओलं हाय डोकं. संध्याकाळी ये."

"आमी काय नजर लावतोय व्हय?" चिमा दारात येऊन टेकली. "पोरीला तेवढं बघू दे. बाटली आणल्यापासून जीव खातेय माझा. रोज सकाळी उठवते आणि बोलते, बघ गं आई, आले का."

हिरू पुढे आली. "इल्माताई, नव्वद दिवस म्हंजे शाळा सुरू व्हायच्या आधी ना?"

हिरूनं बाटली उजेडात धरून बघितली.

"मी दिवसातून तीनदा लावते. मग लवकर येतील ना?"

"शुक्रवारी पनवेलची माणसं येतायत," हवाबी अगदी खालच्या आवाजात, फक्त इल्माला ऐकू जाईल असं म्हणाली. तिनं मूठ आणखी आवळली.

इल्मानं हात मागे नेला. अम्मीची बोटं एकेक करून सोडवली. तेलकट होती, निसटली. मग ती उठली आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली, कॅमेऱ्याकडे केली होती तशी. दारातला तिरपा उजेड डाव्या बाजूने येत होता. तिनं ओढणी खाली सोडली.

मागे चिमाच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. अम्मीच्या हातातली वाटी पाटावर टेकल्याचा आवाज आला. इल्मानं मान वळवली नाही. ती मनात सेकंद मोजत राहिली. नऊ, दहा, अकरा. मग बारा. मग तेरा.